विमानतळावर पैसे कुठे जातात आणि ते कसे वाचवायचे: पहिल्यांदा विमानाने जाणाऱ्यांसाठी

विमानतळावर तुमच्या खिशातून पैसे दोन वाटांनी जातात. एक वाट तिकिटातच असते. ते पैसे घरबसल्या भरले जातात आणि बहुतेकांच्या लक्षातही येत नाहीत. दुसरी वाट म्हणजे आतली दुकानं, जिथे समोसा-चहाचं बिल बघून माणूस दोनदा चष्मा पुसतो. पहिल्या वाटेचे दर सरकारी नियामक ठरवतो, दुसरीचे दर दुकानदार. या दोन्ही वाटा आतून एकमेकींना जोडलेल्या आहेत, आणि हा जोड कळला की कुठे हात आखडायचा आणि कुठे बिनधास्त खर्च करायचा, हे ठरवणं सोपं जातं.

आधी तिकिटाची फोड उघडा

बुकिंग करताना विमान कंपनीच्या ॲपवर एकूण रकमेशेजारी भाड्याचा तपशील दिसतो. त्यावर बोट ठेवा. मूळ भाडं, इंधन अधिभार, जीएसटी यांच्यासोबत दोन ओळी सापडतील. एक ‘एएसएफ’, म्हणजे सुरक्षा शुल्क. देशांतर्गत प्रवासाला ते एप्रिल २०२१ पासून २०० रुपये झालं. ते विमानतळाला मिळत नाही, सुरक्षेसाठीच्या वेगळ्या निधीत जातं. दुसरी ओळ ‘यूडीएफ’, म्हणजे विमानतळ वापर शुल्क. हे विमानतळ चालवणाऱ्या कंपनीला मिळतं आणि गावागणिक बदलतं.

मुंबईत मे २०२५ मध्ये लागू झालेले दर असे: देशांतर्गत प्रवासाला निघताना १७५ रुपये, मुंबईत उतरताना ७५. इकॉनॉमीतून परदेशी निघताना ६१५, परत येताना २६०. त्याआधी देशांतर्गत प्रवाशाला निघताना १२० रुपये पडायचे. नवी मुंबई विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालं, तिथले सुरुवातीचे अंतरिम दर मात्र देशांतर्गत निघताना ६२० आणि उतरताना २७०, परदेशी निघताना १,२२५ आणि उतरताना ५२५ असे ठरले. या सगळ्यांवर जीएसटी वेगळा. दर मधूनमधून बदलतात, त्यामुळे बुकिंगच्या वेळी तुमच्या तिकिटावर जो आकडा असेल तोच धरा.

चौघांचं कुटुंब वरच्या दरांनी गोव्याला निघालं, तर मुंबईऐवजी नवी मुंबईहून जाताना नुसत्या निघण्याच्या शुल्कात माणशी ४४५, म्हणजे चौघांचे १,७८० रुपये जास्त जातात. पनवेल-खारघरच्या माणसाचं टॅक्सीभाडं वाचत असल्यामुळे तरीही फायदा होऊ शकतो, बोरिवलीकराचा होणार नाही. दोन विमानतळांची तुलना करताना नुसतं मूळ भाडं बघू नका. एकूण रक्कम आणि घरापासूनची गाडी असा हिशेब मांडा.

आणखी एक गोष्ट बरेच जण सोडून देतात. तिकीट रद्द केलं किंवा विमान चुकलं, तरी यूडीएफ, एएसएफ आणि सरकारी कर परत मिळतात. ‘परतावा नाही’ असं लिहिलेल्या स्वस्त तिकिटालाही डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतूक महासंचालनालयाचा, हा नियम लागू आहे. परतावा आपसूक आला नाही तर कंपनीच्या ॲपवर ‘टॅक्स रिफंड’ मागा. दोन वर्षांखालच्या बाळाला यूडीएफ नाही. एकाच तिकिटावर मधल्या विमानतळावर फक्त विमान बदलणाऱ्यालाही तिथला यूडीएफ लागत नाही.

दुकानाच्या भाड्याचा तुमच्या तिकिटाशी संबंध

वर्षाला ३५ लाखांहून जास्त प्रवासी असलेल्या विमानतळांचे दर विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण ठरवतं. या क्षेत्रातले लोक त्याला ‘एरा’ म्हणतात. २००८ च्या कायद्याने ते स्थापन झालं. दर पाच पाच वर्षांसाठी ठरतात. पद्धत थोडक्यात अशी: धावपट्टी आणि टर्मिनलमध्ये घातलेल्या भांडवलावरचा परतावा, घसारा (वापराने दरवर्षी उतरणारी किंमत), चालवण्याचा खर्च आणि प्राप्तिकर यांची बेरीज करायची. दुकानं, उपाहारगृहं, जाहिराती, पार्किंग यांतून विमानतळाला जे उत्पन्न मिळतं त्याचे ३० टक्के या बेरजेतून वजा करायचे. उरलेली रक्कम विमान कंपन्यांचं उतरण्याचं शुल्क आणि प्रवाशांचा यूडीएफ यांतून वसूल होते.

एक उदाहरण घेऊ. समजा तुम्ही मुंबईत कर सोडून ३०० रुपयांचं खाल्लंत आणि त्या दुकानाचा विक्रीतले ३० टक्के विमानतळाला द्यायचा करार आहे. विमानतळाला ९० रुपये मिळाले. मुंबई विमानतळ आपल्या एकूण उत्पन्नाचे ३८.७ टक्के भारतीय विमानतळ प्राधिकरणाला देतं, म्हणजे ९० मधले जवळपास ३५ रुपये तिकडे गेले. शुल्कं ठरवताना ९० च्या ३० टक्के, म्हणजे २७ रुपये प्रवाशांच्या बाजूने वजा झाले. हे २७ रुपये तुम्हाला परत मिळत नाहीत. ते लाखो प्रवाशांवर आणि विमान कंपन्यांवर वाटले जातात.

याचा अर्थ दोन बाजूंनी घ्यायचा. दुकानांच्या कमाईमुळे तिकिटातलं शुल्क खरोखर कमी होतं, तेव्हा ‘ही सगळी लूट आहे’ हे अर्धंच खरं. आणि ‘दुकानं महाग असली तरी त्यातून तिकीट स्वस्त होतं’ असं कोणी सांगितलं तर तेही अर्धंच. लंडनच्या हीथ्रोवर दुकानांचं सगळं उत्पन्न हिशेबात धरलं जातं. आपल्याकडे ३० टक्केच. दुकानात न खाल्ल्याने विमानतळाचं काही बिघडत नाही आणि तुमच्या तिकिटातही काही फरक पडत नाही, त्यामुळे डबा नेताना संकोच नको.

नवी मुंबईचा यूडीएफ एवढा मोठा का, हेही इथूनच समजतं. भांडवल ताजं आणि प्रचंड, घसारा नुकताच सुरू झालेला, प्रवासी अजून कमी. प्रवासी कमी तर दुकानंही कमी, आणि मग वजा करायला रक्कमच थोडी.

पदार्थ एवढा महाग का होतो

विमानतळ दुकानाची जागा निविदेने देतो. दरमहा ठरलेली किमान हमी रक्कम किंवा विक्रीतला टक्का, यांपैकी जी जास्त असेल ती दुकानदाराने भरायची. पावसात विमानं रद्द होऊन टर्मिनल ओस पडलं तरी हमी चुकत नाही. वरून देखभाल शुल्क, वीज, वातानुकूलन. प्रत्येक कामगाराला विमानतळाचा प्रवेश परवाना लागतो आणि त्यासाठी पार्श्वभूमीची पडताळणी होते. नवा पोऱ्या आज ठेवला आणि उद्यापासून कामाला लावला, असं इथे चालत नाही. येणाऱ्या मालाची तपासणी होते. सुरक्षा तपासणीपलीकडच्या स्वयंपाकघरातली सुरीसुद्धा नोंदवून, बांधून ठेवावी लागते. उघड्या आचेवर बंधनं असल्यामुळे बरंचसं अन्न बाहेरच्या मोठ्या स्वयंपाकघरात शिजून येतं आणि इथे फक्त गरम होतं. वडापाव मऊ पडलेला का असतो, याचंही उत्तर यातच आहे.

एवढं असूनही सगळी वाढ खर्चामुळे होते असं नाही. तपासणी ओलांडून आलेलं गिऱ्हाईक बाहेर जाऊ शकत नाही, हे दुकानदाराला पक्कं ठाऊक असतं. सुरक्षेनंतर दीड-दोन तास मोकळे, पोटात भूक आणि शेजारी रडणारं पोर. मुंबईच्या टी-टूवर, म्हणजे टर्मिनल दोनवर, इमिग्रेशन (पासपोर्टची तपासणी) संपल्यावर विमानाच्या दारापर्यंत जाणारी वाट ड्युटी-फ्रीमधूनच, म्हणजे करमुक्त दुकानातूनच, वळण घेत जाते, ती उगाच नव्हे.

डबा आणि पाणी: सगळ्यात जास्त बचत इथे

घरचं कोरडं खाणं हातातल्या बॅगेतून नेता येतं, देशात आणि परदेशीही. धपाटे, दशम्या, मेथीचे ठेपले, गूळपोळी, लाडू, चिवडा, सुकी चटणी यांना कोणी अडवत नाही. अडचण पातळ आणि लगद्यासारख्या पदार्थांची असते. आंतरराष्ट्रीय प्रवासात प्रत्येक पातळ पदार्थ १०० मिलिलिटरच्या आतल्या डब्यात आणि असे सगळे डबे मिळून १ लिटरच्या पारदर्शक, बंद होणाऱ्या पिशवीत बसले पाहिजेत. श्रीखंड, दही, ताक, तूप, रश्श्याची भाजी, मधाची बाटली हे सगळं यात मोडतं. तेलाने थबथबलेलं लोणचं हातातल्या बॅगेत टाकूच नका, देशांतर्गत प्रवासातही वाद होतो. ते चेक-इनच्या, म्हणजे काउंटरवर जमा करायच्या बॅगेत, दुहेरी पिशवीत आणि मध्ये कपड्यांची घडी ठेवून न्या. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या दोन्हीकडे नकोत. त्यातलं तेल पेट घेऊ शकतं म्हणून त्या काढून घेतल्या जातात, आणि लेकीकडे निघालेल्या आयांचा हिरमोड सगळ्यात जास्त या वाट्यांनीच होतो.

स्टीलचा डबा चालतो. पण क्ष-किरणाच्या यंत्रावर त्याच्या आतलं नीट दिसत नाही, म्हणून उघडून दाखवावा लागू शकतो. तो बॅगेत सगळ्यात वर ठेवा, तळाशी नको. फळं कापायची सुरी, कात्री घरीच ठेवा. फळं सोलून आणि फोडी करूनच न्या.

पाण्याची बाटली रिकामी न्यावी. देशांतर्गत प्रवासात भरलेली बाटली पुष्कळदा नेऊ देतात, पण तपासणीला उभा असलेला सीआयएसएफचा जवान ओतून टाकायला सांगू शकतो आणि तिथे हुज्जत घालण्यात अर्थ नाही. तपासणी झाल्यावर पिण्याच्या पाण्याचे नळ असतात, बहुतेक ठिकाणी स्वच्छतागृहांच्या बाजूला. पाणी वाहतं आहे ना, एवढं आधी बघा आणि मग बाटली भरा. दिसले नाहीत तर हाउसकीपिंगच्या माणसाला विचारा, दुकानदाराला नको.

परदेशी उतरताना उरलेलं सगळं संपवा. अमेरिका, ऑस्ट्रेलियासारख्या देशांत फळं, भाज्या, मांस आणि बियाणं जाहीर न करता नेणं दंडाला आमंत्रण देतं. विमानात मिळालेलं सफरचंदसुद्धा खिशात राहू देऊ नका.

चार्जरची वायर घरी विसरली की टर्मिनलमधल्या दुकानात दुप्पट पैसे मोजावे लागतात. वायर आणि ॲडाप्टर हातातल्या बॅगेत ठेवा, फुकट चार्जिंगची सोय बहुतेक ठिकाणी असते. पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत चालत नाही. १०० वॉट-तासांपर्यंतची हातातल्या बॅगेत चालते. २०,००० एमएएचला ३.७ व्होल्टने गुणलं की ७४ वॉट-तास होतात, म्हणजे ती बसते. आकडा पुसलेली पॉवर बँक मात्र जप्त होऊ शकते.

आत विकत घ्यायचंच असेल तर

आधी बघा की समोर दुकान आहे की उपाहारगृह. फरक कायद्याचा आहे. दुकानात सीलबंद बिस्किट, चिप्स किंवा पाण्याची बाटली छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकता येत नाही, आणि ती किंमत सर्व कर धरून असते. एकाच पाकिटावर बाहेर एक आणि विमानतळावर दुसरी एमआरपी छापायला १ जानेवारी २०१८ पासून बंदी आहे. पळवाट अशी की कंपनी वेगळ्या वजनाचं पाकीट किंवा वेगळ्या ब्रँडचं पाणी आणते, आणि फळीवर नेमकं तेच असतं. म्हणून बाटली उचलण्याआधी किंमत वाचा. शेजारच्या काउंटरवर साधी बाटली मिळते का, तेही बघा.

उपाहारगृहात बसून मागवलं की हिशेब बदलतो. तिथे तुम्ही सेवेचेही पैसे देता, म्हणून बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा महाग देता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये म्हटलं आहे. काउंटरवरून हातात घेतलेली सीलबंद बाटली आणि टेबलावर आणून दिलेली बाटली यांच्या दरात फरक पडतो तो यामुळे. जीएसटीखेरीज बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ लावला असेल तर तो काढायला सांगा. तो बिलात परस्पर घालता येत नाही, मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही तेच म्हटलं.

स्वस्त चहा हवा असेल तर ‘उडान यात्री कॅफे’ची पाटी शोधा. संसदेत विमानतळावरच्या खाण्याच्या दरांवरून बोलणं झालं आणि डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्याला पहिला असा कॅफे निघाला. चहा आणि पाणी १० रुपये, कॉफी आणि समोसा २० रुपये. पुढे चेन्नई, पुणे अशा आणखी काही ठिकाणीही सुरू झाले. टर्मिनलमध्ये असा काउंटर बहुधा एकच असतो आणि ब्रँडेड दुकानांच्या झगमगाटात पटकन दिसत नाही. आत आल्याबरोबर माहिती कक्षात विचारा. खासगी कंपनीच्या विमानतळावर तो नसेलही.

पुण्यात लवकर पोहोचलात तर एरोमॉलमध्ये (टर्मिनलजवळची पार्किंग आणि दुकानांची इमारत) खाऊन मगच टर्मिनलमध्ये जा. ॲपवरच्या गाड्याही तिथूनच सुटतात, त्यामुळे घ्यायला आलेल्यांनाही तीच जागा सोयीची. कोल्हापूर, सिंधुदुर्ग अशा छोट्या विमानतळांवर गोष्ट उलटी आहे: दुकानंच मोजकी. विमान उशिरा सुटलं आणि काउंटर बंद झाला तर पैसे असूनही उपाशी, म्हणून तिथे डबा हवाच.

लाउंज, म्हणजे आरामात बसण्या-खाण्याची खास जागा, बँकेच्या कार्डवर ‘फुकट’ असतं, पण बऱ्याच बँका आता आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च झाला असेल तरच आत सोडतात. आदल्या दिवशी बँकेच्या ॲपवर पात्रता आणि लाउंजचं नाव तपासा. दारात यंत्रावर पडताळणीसाठी २ रुपयांसारखी रक्कम कापली जाते, घाबरू नका. सोबतच्या माणसाचे पैसे वेगळे लागतात का, हे आत शिरण्याआधी विचारा. नंतर कार्डावर आलेली रक्कम बघून चरफडणारे फार. सकाळच्या गर्दीत लाउंजबाहेर रांग असते. पाऊण तास हातात असताना रांगेत उभं राहण्यापेक्षा डबा उघडा.

ड्युटी-फ्री आणि परकी चलन

ड्युटी-फ्रीमध्ये स्वस्त पडतं ते बाहेर जबर कर असलेलं, म्हणजे मुख्यतः दारू आणि तंबाखू. चॉकलेट, सुगंधी द्रव्यं, चष्मे यांच्यावर मोठी सवलत असेलच असं नाही. फोनवर ऑनलाइन किंमत बघून मगच घ्या. ‘दोन घेतल्यास एक मोफत’च्या मोहात बॅगेचं वजन वाढतं आणि पुढच्या काउंटरवर तेवढेच पैसे जातात.

भारतात परतताना प्रौढ प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येतं. मधे विमान बदलायचं असेल तर पहिल्या विमानतळावर मद्य घेऊ नका. पुढच्या तपासणीत १०० मिलिलिटरचा नियम पुन्हा लागतो. घेतलंच तर दुकानाची सीलबंद पारदर्शक पिशवी फोडू नका आणि बिल आतून दिसेल असं ठेवा. मुंबईत उतरल्यावर, सामानाचा पट्टा गाठण्याआधी आगमनाचं ड्युटी-फ्री असतं, तिथून घेणं बिनधोक. पुढे नागपूरचं विमान असेल तर ती बाटली देशांतर्गत विमानाच्या चेक-इन बॅगेत नीट गुंडाळून टाका. अमेरिकेला उतरणाऱ्यांनी पहिल्या विमानतळावर बॅगा घेऊन पुन्हा देताना बाटली त्यात ठेवावी. तिथे २१ वर्षांवरच्या माणसाला १ लिटरच करमुक्त आहे.

परकी चलन विमानतळाच्या काउंटरवर घेणं बहुतेक वेळा सगळ्यात महाग पडतं. शहरातल्या अधिकृत दुकानातून दोन-तीन दिवस आधी घ्या किंवा फॉरेक्स कार्ड (परकी चलन आधीच भरून ठेवायचं कार्ड) करा. नुसता भाव विचारू नका. “५०० डॉलर हातात पडायला एकूण किती रुपये?” असा प्रश्न टाका आणि तीन ठिकाणी तोच टाका. डॉलरमागे ३ रुपयांचा फरक म्हणजे ५०० डॉलरवर १,५०० रुपये. लाखाच्या आतल्या व्यवहारावर जीएसटी रकमेच्या १ टक्क्यावर १८ टक्के असा लागतो, कमीत कमी ४५ रुपये. त्याहून जास्त दाखवलं तर बिलाची फोड मागा. उतरल्यावर टॅक्सीपुरतं सुटं चलन हवंच, तेवढं घेऊन ठेवा.

जास्त पैसे घेतले तर

तिथल्या तिथे चार गोष्टी गोळा करा: छापील किंमत दिसेल असा पाकिटाचा फोटो, दुकानाचं नाव असलेलं बिल, यूपीआयची पावती आणि वेळ. आधी दुकानाच्या व्यवस्थापकाला दाखवा, बऱ्याचदा तेवढ्यावरच पैसे परत मिळतात. नाही मिळाले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. छापील किमतीहून जास्त घेणं हा राज्याच्या वैधमापन (वजन-मापं तपासणाऱ्या) विभागाचा विषय आहे, तिथेही लेखी देता येतं. नळाला पाणी नाही, दरफलक नाही, अशा तक्रारी ‘एअरसेवा’ या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर टाका. नुसतं ‘महाग आहे’ म्हणून केलेली तक्रार मात्र टिकत नाही, कारण उपाहारगृहातल्या शिजवलेल्या पदार्थाला कमाल किंमतच नाही.

शुल्काबद्दल म्हणणं असेल तर जागा वेगळी. पाच वर्षांचे दर ठरवण्याआधी ‘एरा’ सल्लामसलतीचा मसुदा आपल्या संकेतस्थळावर ठेवतं आणि ठरावीक तारखेपर्यंत लेखी हरकती मागवतं. हरकत प्रवासीही पाठवू शकतो. विमान कंपन्या आणि विमानतळ तिथे जाडजूड निवेदनं देतात, प्रवाशांचं पान क्वचितच असतं. त्यात ‘शुल्क कमी करा’ एवढंच लिहू नका. मसुद्यातला दुकानांच्या उत्पन्नाचा अंदाज काढा, तो मागच्या वर्षांच्या प्रत्यक्ष आकड्यांशेजारी ठेवा आणि प्रवासी वाढणार असं दाखवलं असताना हे उत्पन्न माणशी कमी का धरलं, असं विचारा. अंदाज कमी धरला की वजा होणारे ३० टक्केही कमी होतात आणि तो फरक यूडीएफमध्ये येतो. तेव्हा मसुद्यातलं बिगर-हवाई, म्हणजे दुकानं-पार्किंगसारख्या उत्पन्नाचं प्रकरण आधी उघडा.